देशावर पैसा लावायचा, तर देश कोणता?



लेखाचा विषय शेअर बाजाराचा आहे, म्हणून पान उलटू नका. पूर्वी हा विषय आपल्या वस्तीत येतच नव्हता. आता तो प्रत्येक तरुणाच्या खिशातल्या मोबाईलमधून घरात आला आहे. चहाच्या टपरीवर, कारखान्याच्या गेटवर, विहाराच्या ओट्यावर पोरे निफ्टी आणि सेन्सेक्सची भाषा बोलतात. तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांनाही ती थोडीफार कळली पाहिजे. नाही तर पोरगा काय करून बसला हे कळायला उशीर होतो.

माझी सारी नोकरी पोस्टात गेली. बचत खाते, आवर्ती ठेव, राष्ट्रीय बचत पत्र हेच माझे शास्त्र. त्यामुळे माझा पुतण्या पैशाचे काही विचारायचे असले की माझ्याकडे येतो. तो इकडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. गेल्या पावसाळ्यात तो आला आणि म्हणाला, "काका, अडीच लाख साठलेत. आपला देश पुढं चाललाय असं सगळेच म्हणतात. मग एखादी कंपनी शोधत बसण्यापेक्षा सरळ देशावरच पैसा लावतो. इंडेक्स फ्यूचर्स घेतो. फक्त एवढं सांगा, देशाची खरी अर्थव्यवस्था कशात दिसते? निफ्टीत, सेन्सेक्समध्ये, की बँक निफ्टीत?"

प्रश्न हुशारीचा होता, हे मी कबूल केले. पण त्या अडीच लाखांत त्याच्या बहिणीच्या नर्सिंगच्या पुढच्या दोन वर्षांची फी होती, हे मला ठाऊक होते. वहिनी दाराआड उभी राहून ऐकत होती. म्हणून मी लगेच उत्तर दिले नाही. आठ दिवसांची मुदत मागितली, वाचनालयातून आणि पुतणीच्या मोबाईलवरून मिळेल ते वाचले, आणि मग त्याला सांगितले. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी इंडेक्स म्हणजे निर्देशांक काय ते पाहू. बाजारातल्या काही मोठ्या कंपन्या निवडायच्या आणि त्यांच्या शेअरच्या भावांची एकत्र सरासरी काढायची. ज्या कंपनीचे बाजारमूल्य मोठे, तिचे वजन जास्त. मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स १ जानेवारी १९८६ पासून सुरू झाला. त्यात ३० कंपन्या, आणि १९७८-७९ हे वर्ष १०० धरून मोजणी. राष्ट्रीय शेअर बाजाराचा निफ्टी १९९६ साली आला. त्यात ५० कंपन्या, आणि ३ नोव्हेंबर १९९५ हा दिवस १००० धरलेला. बँक निफ्टीत नावाप्रमाणे फक्त बँका. या निर्देशांकांवर वायदा करण्याची सोय म्हणजे इंडेक्स फ्यूचर्स. ती आपल्या देशात जून २००० मध्ये सुरू झाली.

आता पुतण्याचा प्रश्न. या तिघांत देश कोणात जास्त दिसतो? तिघांतच निवड करायची तर निफ्टी. ५० कंपन्यांत ३० पेक्षा जास्त धंदे येतात, आणि बँक निफ्टी तर एकाच धंद्याचा आरसा. पण निफ्टीतही साधारण एक तृतीयांश वजन बँका आणि वित्त कंपन्यांचेच आहे. शिवाय त्यात संगणक सेवेच्या कंपन्या आहेत, त्यांची बरीचशी कमाई अमेरिका-युरोपातून होते. म्हणजे तिकडे मंदी आली तर इकडे निर्देशांक पडतो, मग आपल्याकडे पाऊसपाणी कितीही चांगले होवो.

हे नीट कळावे म्हणून मी त्याला म्हटले, "चल, आपल्या वडखळच्या नाक्यावर उभे राहून निफ्टी मोजू." आपला नाका म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावरचा फाटा. एक रस्ता गोव्याकडे, एक अलिबागकडे. जवळच डोलवीचा पोलाद कारखाना. पूर्वी तो इस्पातचा होता, २०१० साली जे.एस.डब्ल्यू.ने ताब्यात घेण्याचे जाहीर केले. ती कंपनी निफ्टीत आहे. पुढे नागोठण्याला रिलायन्सचा कारखाना, तीही कंपनी निफ्टीत आहे आणि वजनाने सर्वांत मोठ्यांपैकी आहे. अलिबागच्या बाजूला थळला सरकारी खत कारखाना आहे. ती कंपनी बाजारात आहे, पण निफ्टीत नाही. नाक्यावर बँकांच्या शाखा आहेत, त्या निफ्टीत आहेत.

आणि निफ्टीत काय नाही? खारेपाटातले भात नाही. पेणचे पापड-पोहे आणि गणपतीच्या मूर्तींचे कारखाने नाहीत. मिठागरे नाहीत, धरमतरच्या खाडीतली मासळी नाही. टोपली घेऊन बसणाऱ्या बाया नाहीत, सहा आसनी रिक्षा नाही, वीटभट्टी नाही, बांधकामावरचा बिगारी नाही. आणि ज्या कंपनीच्या गेटात कंत्राटी कामगार जातो, तिचा भाव निर्देशांकात असतो, पण त्याची मजुरी तिथे खर्चाच्या बाजूला असते. मजुरी वाढली तर नफा घटतो, नफा घटला तर भाव पडू शकतो. म्हणजे ज्याला तो 'देश' समजून पैसा लावणार, त्या आकड्याचे हित आणि त्याच्या स्वतःच्या पगाराचे हित कधी कधी परस्परांच्या उलट असते!

आपल्या देशात काम करणाऱ्या शंभर माणसांतली सुमारे पंचेचाळीस अजून शेतीवर आहेत, आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा अठरा टक्क्यांच्या आसपास आहे. निर्देशांकाला ही पंचेचाळीस माणसे जवळजवळ दिसतच नाहीत. ही निर्देशांकाची चोरी नव्हे. तो मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांचे माप म्हणूनच बनवला आहे. चूक होते ती त्याला देश समजण्यात.

याचे डोळ्यांदेखतचे उदाहरण सांगतो. ३ जून २०२० ही तारीख रायगडचा माणूस विसरणार नाही. त्या दिवशी 'निसर्ग' चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले. घरांचे पत्रे गेले, सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले आणि जिल्ह्यातली कितीतरी गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. वर करोनाची टाळेबंदी होतीच. त्याच दिवशी मुंबईत सेन्सेक्स २८४ अंशांनी वर बंद झाला आणि निफ्टी १०,००० च्या वर टिकला. त्या वर्षी एप्रिल ते जून या तीन महिन्यांत देशाचे उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा जवळजवळ २४ टक्क्यांनी घटल्याचे सरकारनेच जाहीर केले. लाखो मजूर पायी गावाकडे निघाले होते. तरी नोव्हेंबरात सेन्सेक्सने नवा उच्चांक केला आणि जानेवारी २०२१ मध्ये ५०,००० ला हात लावला. बाजार उद्याच्या नफ्याकडे पाहतो, आजच्या चुलीकडे पाहत नाही. मोठ्या कंपन्या तगतील, लहान बुडतील आणि त्यांचे गिऱ्हाईक मोठ्यांना मिळेल, असाही हिशोब त्यात असू शकतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. निर्देशांकातल्या कंपन्या कायमच्या नसतात. सुरुवातीच्या सेन्सेक्समध्ये बॉम्बे डाईंग होती, सेंचुरी होती, प्रीमियर ऑटोमोबाईल्स होती. कोकणातल्या आपल्या किती घरांची चूल गिरणीच्या पगारावर पेटत होती! १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. निर्देशांकाने पुढे अशा कंपन्या काढल्या, नव्या घेतल्या आणि तो वर जात राहिला. १०० पासून निघालेल्या सेन्सेक्सने २०२४ साली ८०,००० ओलांडले. पण गिरणी कामगाराला देशातून काढून दुसरा घेता येत नाही. तो गावी आला, बेकार राहिला, त्याची पोरे मिळेल त्या कामाला लागली. निर्देशांकाला हरलेल्यांना वगळता येते, देशाला येत नाही. दोघांतला हा मूळ फरक आहे.

येथे बाबासाहेबांची आठवण येणे साहजिक आहे. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आपण नावाने सर्वजण जाणतो. त्यातला वाद थोडक्यात मापाचाच होता. रुपयाला परदेशी चलनात किती मिळतात हा भाव स्थिर ठेवला की सर्व ठीक आहे, असे त्या काळचे सरकार आणि मोठे अर्थशास्त्रज्ञ मानत. बाबासाहेबांनी दाखवून दिले की विनिमयाचा दर स्थिर असणे आणि रुपयाची वस्तू विकत घेण्याची शक्ती स्थिर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारहाट करणाऱ्या गरिबाला दुसरी गोष्ट महत्त्वाची. हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी आपली साक्ष दिली. आकडा समोर आला की तो कोणाचे माप घेतो हे आधी विचारावे, ही त्यांची शिकवण मी त्या ग्रंथातून घेतो.

आणखी एक गोष्ट तरुणांना ठाऊक नसते. बाबासाहेब १९१७ साली परदेशातून परतल्यावर त्यांनी मुंबईत शेअर्सच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो बंद करावा लागला, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसाची विद्या बाजाराला चालत होती, जात चालत नव्हती! म्हणून "शेअर बाजार आपला नाही, तिकडे बघू नको," असे मी पुतण्याला म्हटले नाही. ते दार आपल्याला बंद केले होते, आपण ते आपल्या हाताने पुन्हा लावून घेऊ नये. प्रश्न आत जावे की नाही हा नाही. मालक म्हणून जावे की पैज लावणारा म्हणून, हा आहे.

आता फ्यूचर्सचा हिशोब पाहू. समजा श्रावणात एखाद्या व्यापाऱ्याने दिवाळीच्या भाताचा भाव आजच ठरवला. त्यात निदान भात तरी असते. इंडेक्स फ्यूचर्समध्ये काही मिळत नाही, फक्त भावातला फरक रोखीने द्यायचा-घ्यायचा. शिवाय सौदा मोठा असतो. सेबीने नोव्हेंबर २०२४ पासून नव्या सौद्याचे किमान मूल्य १५ लाख रुपये केले. लॉटचा आकार बदलत असतो. हिशोबासाठी ७५ धरू. निफ्टी २४,००० असेल तर सौदा १८ लाखांचा. हातचे पैसे साधारण आठव्या हिश्श्याइतके भरावे लागतात, म्हणजे सव्वादोन लाखांच्या आसपास. पुतण्या म्हणाला, "म्हणजे अडीच लाखांत अठरा लाखांचा माल!" मी म्हटले, "आणि अठरा लाखांचा तोटासुद्धा." निफ्टी एक टक्का हलला की १८,००० रुपये इकडचे तिकडे. हा हिशोब रोज संध्याकाळी होतो. पैसे कमी पडले की दलाल भरायला सांगतो, नाही भरले तर सौदा परस्पर तोडतो.

४ जून २०२४ चे उदाहरण घ्या. लोकसभेच्या निकालाचा दिवस. निफ्टी २३,२६३ वरून २१,८८४ वर बंद झाला, एका दिवसात १,३७९ अंश खाली. तेव्हाचा लॉट लहान होता, पण आपण धरलेल्या ७५ च्या मापाने तोटा १,०३,००० रुपयांच्या वर जातो. तीनच दिवसांनी, ७ जूनला, निफ्टी पुन्हा २३,२९० वर होता. त्या तीन दिवसांत देशाचा एक कारखाना वाढला नाही की एक शेत बुडाले नाही. ज्याच्याकडे शेअर होते तो गप्प बसला आणि जिथल्या तिथे आला. ज्याच्याकडे फ्यूचर्स होते आणि वर भरायला पैसे नव्हते, तो ४ तारखेलाच बाहेर फेकला गेला. देशाबद्दलचे त्याचे मत बरोबर असूनही तो बुडाला.

खारेपाटातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. वर्षाचा पाऊस कितीही चांगला असो, उधाणाच्या एका रात्री बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले की पीक गेले. सरासरी पावसाचा आकडा दाखवून ते परत येत नाही. फ्यूचर्समध्ये गरिबाचा बांध बुटका असतो. श्रीमंताकडे उधाण ओसरेपर्यंत थांबण्याइतका पैसा असतो.

सेबीचे आकडेही मी त्याच्यापुढे ठेवले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर्स आणि ऑप्शन्स करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी शंभरातले त्र्याण्णव तोट्यात गेले. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख, आणि सर्वांचा मिळून १ लाख ८० हजार कोटींहून अधिक. २०२४-२५ सालीही शंभरात एक्क्याण्णव तोट्यात होते. २०२३-२४ मध्ये हे व्यवहार करणाऱ्यांपैकी पाऊणशेहून अधिक टक्के लोकांचे जाहीर उत्पन्न वर्षाला पाच लाखांपेक्षा कमी होते, आणि तिशीच्या आतल्यांचे प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेले. म्हणजे हे आपलेच पोर आहे. समोर नफा कोणाला झाला? बहुतांशी संगणकावर चालणारे व्यवहार करणाऱ्या परदेशी गुंतवणूकदारांना आणि दलाल संस्थांना.

मग देशावर पैसा लावायचाच नाही का? लावायचा, पण उसन्या वजनाने नाही. पुतण्याला मी विचारले, "तुझा पी.एफ. कापतात ना? मग तू आधीच निफ्टीत आहेस." त्याला खरे वाटेना. भविष्य निर्वाह निधी संघटना ऑगस्ट २०१५ पासून नव्या ठेवींचा काही भाग निफ्टी आणि सेन्सेक्सवर आधारलेल्या फंडांत गुंतवते. सुरुवातीला हा भाग ५ टक्के होता, २०१७ पासून तो १५ टक्के झाला. कंत्राटी कामगाराचा बाजाराशी पहिला संबंध येथे आहे. म्हणून फ्यूचर्सचा आलेख बघण्याआधी आपल्या यू.ए.एन. क्रमांकावर पी.एफ.चे पासबुक उघडून पाहा. पगारातून कापलेला पैसा दर महिन्याला जमा होतो का? कंत्राटदाराचा हिस्सा पडतो का? माझ्या पुतण्याच्या पासबुकात चार महिन्यांची भर नव्हती! अडीच लाखांचे बावीस लाख कसे होतील हे मोजणाऱ्या पोराने आपल्या हक्काचे चार महिने मोजले नव्हते. त्याने आणि बरोबरच्या कामगारांनी मिळून लेखी अर्ज दिला, आणि दिवाळीच्या आत रक्कम जमा झाली.

भगवंतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला केलेला उपदेश दीघनिकायात आहे. त्यात संपत्ती नासण्याच्या सहा वाटा सांगितल्या आहेत, त्यांत जुगार आहे. आणि कमाईचे चार भाग करावेत असेही सांगितले आहे. एक भाग उपभोगाला, दोन कामधंद्याला, आणि चौथा संकटासाठी राखून. पंचशील घेणाऱ्या घराला याहून सोपा अर्थसंकल्प कोण देणार? मी पोस्टात असताना कितीतरी विधवा बायांनी शंभर-दोनशेच्या आवर्ती ठेवीवर पोरे शिकवलेली पाहिली. त्यांनी देशाच्या अर्थव्यवस्थेचा अंदाज कधी बांधला नाही. पण देशाला नर्स, शिक्षक, लाईनमन त्यांनीच दिले.

आम्ही त्या हिशोबाने बसलो. फीचे पैसे पुतणीच्या नावाने मुदत ठेवीत गेले. सहा महिन्यांच्या घरखर्चाची रक्कम बचत खात्यात राहिली. आता पुतण्या दरमहा पाचशे रुपये निफ्टीच्या साध्या इंडेक्स फंडात भरतो. त्यात उसना पैसा नाही, संध्याकाळचा हिशोब नाही, निफ्टी पडला तरी कोणी बाहेर काढत नाही. त्यातही चढउतार आहे, ते पैसे सात-आठ वर्षे लागणार नाहीत असे धरूनच भरावेत. तो म्हणाला, "काका, पाचशेत कुठला देश येतो?" मी म्हटले, "बाळा, तुझ्या वाट्याचा तेवढाच येतो, पण तो तुझ्या मालकीचा येतो."

तरुण मित्रांनो, व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर खात्रीचा नफा सांगणाऱ्या साहेबांना एकच प्रश्न विचारा. सेबीचा नोंदणी क्रमांक काय? आणि खात्रीच असेल तर तो तुमच्यासारख्या परक्याला कशासाठी सांगतो आहे? आईबहिणींनो, पोराच्या मोबाईलमध्ये लाल-हिरवे आकडे दिसले तर रागावू नका, शेजारी बसून समजावून घ्या. विहारात दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास पी.एफ.चे पासबुक कसे पाहावे, फंड म्हणजे काय, फ्यूचर्स म्हणजे काय, हे शिकवणारा आपल्यातलाच एखादा बँकेतला, पोस्टातला माणूस मिळेल. निवृत्त माणसांना वेळ भरपूर असतो, मी स्वतः यायला तयार आहे.

निर्देशांक जरूर पाहा. पण त्याच्यापुढे मान डोलावण्याआधी नाक्यावर उभे राहून विचारा, यात आपण कुठे आहोत? जिथे आपण नाही, तिथे आपले मोजमाप करवून घेणे ही शिकल्यासवरल्या माणसाची जबाबदारी आहे. ते काम वायद्याने होणार नाही. ते पासबुक वाचून, लेखी अर्ज देऊन आणि मुलीची फी वेळेवर भरून होईल.

जय भीम! नमो बुद्धाय!